कस्तुरीची भूक

रुग्णालयात मूल दाखल झालं की बऱ्याचदा त्याची भूक घरीच राहते, आणि ती आपण होऊन आली नाही तर आहारतज्ज्ञाला जाऊन आणावी लागते. वृषाली मगदूम कोल्हापूरहून कोकणातल्या एका रुग्णालयात मुलांच्या वॉर्डावर रुजू झाली, तेव्हा तिला हे पहिल्याच आठवड्यात कळलं. कॉलेजात हे शिकवलं नव्हतं. पण लिफ्ट बंद पडल्यावर खिचडीचं पातेलं वरच्या मजल्यावर कसं न्यायचं हेही कॉलेजात शिकवलं नव्हतं, त्यामुळे तिनं ते फारसं मनावर घेतलं नाही.

तशा बहुतेक भुका समजूतदार असत. तापाच्या मुलांच्या भुका ताप उतरल्याचं कळलं की सकाळच्या एसटीनं येत आणि थेट खाटेपाशी जाऊन उभ्या राहत. जुलाबाच्या मुलांच्या भुका जरा बिचकत, एखादा दिवस व्हरांड्यातच काढत. एका मुलाची भूक तर त्याच्या आजोबांच्या छत्रीचं टोक धरून आली होती आणि आल्या आल्या तिनं दोन केळी मागितली होती.

कस्तुरी घाडीची मात्र आली नाही.

कस्तुरी तिसरीतली मुलगी. काजूच्या झाडावरून पडून मांडीचं हाड मोडून आलेली. पाय ताणून, त्याला वजन लटकवून तिला उताणं निजवलं होतं. स्वभावानं इतकी सभ्य की सकाळी उपमा आला की ती मान उचलून वास घेई, "छान आसा" म्हणे आणि ताट शेजारच्या खाटेकडे सरकवी. शेजारच्या खाटेवर हात मोडलेला एक मुलगा होता. तो दोन्ही ताटं फस्त करी. त्यानं बाळसं धरलं आणि कस्तुरीची हनुवटी टोकदार होत गेली.

वृषालीनं आपल्याकडून काही बाकी ठेवलं नाही. अंडं उकडून दिलं, कुस्करून दिलं, पोळीत गुंडाळून दिलं. नाचणीची खीर केली, तीत गूळ घातला, वर काजूचा तुकडाही ठेवला. काजू बघून कस्तुरी म्हणाली, "ह्या झाडाचो नाय, आमच्या झाडाचो गोड आसता," आणि वाटी शेजारी दिली.

डॉक्टर इनामदार हाडांचे डॉक्टर. माणूस मोजकं बोलणारा. सकाळच्या फेरीत त्यांनी कस्तुरीच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या आणि वृषालीला बाजूला घेतलं.

"रक्त कमी आहे, वजन उतरतंय. अशा अंगावर मी ऑपरेशन करणार नाही," ते म्हणाले. "पण हाड काही माझ्यासाठी थांबणार नाही. ते वाकडं जुळलं तर मुलगी कायमची लंगडेल. तिची भूक कुठे आहे?"

"चौकशी करते, सर."

कस्तुरीची आई सुगंधा खाटेच्या पायाशी बसलेली असे. वृषालीनं विचारलं तसं तिनं मान खाली घातली.

"घराकच आसा," ती म्हणाली. "ह्येंचो फोन इललो. म्हणतत, दोन टायम जेवता, वर माझ्या ताटातला पण खाता."

"मग पाठवून द्यायला सांगा ना."

"सांगलंय. येवक तयार नाय. म्हणता, कोणीतरी हापिसातला माणूस येवंदे, मगे बघूया."

तेव्हा वृषालीच गेली.

गावाचं नाव साकवखोल. एसटी जिथं वळून परत फिरते तिथं उतरायचं, मग लाकडी साकवावरून ओढा ओलांडून वर चढायचं. कस्तुरीचे वडील दिगंबर घाडी लोकांच्या माडांचे नारळ पाडून देत. ते तिला आणायला साकवापर्यंत आले होते. वाटेत ते म्हणाले, "मॅडम, जरा जपान बोला. तिका उलट बोललेला खपणा नाय. पोरीचाच पाणी आसा ता."

भूक मागच्या पडवीत जेवत होती. कस्तुरीच्याच वयाची, कस्तुरीच्याच अंगलटीची. फक्त गाल भरलेले आणि केसांना तेल. पुढ्यात उकड्या तांदळाची पेज होती आणि बाजूला भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. तिनं वृषालीकडे बघितलं, पण घास थांबवला नाही.

"मी रुग्णालयातून आले," वृषाली म्हणाली. "कस्तुरीसाठी."

"म्हायत आसा. बसा. पेज वाढू?"

वृषाली सकाळी चहावर निघाली होती. ती पाटावर बसली. दिगंबररावांनी वाडगा पुढे केला. सरकारी कामाला आलेल्या माणसानं असं जेवायला बसावं की नाही, याबद्दल तिच्या मनात शंका होती. पण पेजेला वास फार चांगला येत होता, आणि कामही एका अर्थानं जेवणाचंच होतं.

दोघींचं खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "आता मला सांग. ती तिकडे आहे आणि तू इकडे. असं का?"

"मी इललंय," भूक म्हणाली. "पयल्याच दिवशी. आयेच्या मागसून चलत वॉर्डाच्या दारापर्यंत इललंय. थंय खाटेक पाटी लावलेली."

"कसली पाटी?"

"'तोंडाने काही देऊ नये.'" हे मात्र भुकेनं अगदी पुस्तकातल्यासारखं म्हणून दाखवलं. "माका वाचूक येता. मी तिसरीत आसंय."

 पाटी वृषालीला माहीत होती. ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं हवं, म्हणून ती खाटेला बांधतात. कस्तुरीचं ऑपरेशन पहिल्या दिवशी ठरलं होतं, ते अपघाताचा रोगी आला म्हणून पुढे गेलं. नंतर पुन्हा ठरलं आणि भूल देणारे डॉक्टर रजेवर गेले. मग पुन्हा ठरलं, तर रक्त कमी निघालं. दर वेळी पाटी वेळेवर लागली होती. ती काढायची आठवण मात्र कुणालाही संध्याकाळशिवाय झाली नव्हती.

"मी मगेसून दोनदा इलंय," भूक पुढे म्हणाली. "येकदा पाटीच होती. येकदा पाटी नाय होती, तर जेवणाची गाडी गेलेली. माणसान किती फेऱ्यो मारूच्यो? शेवटाक म्हटलंय, आपण घराकच बरी."

"चूक आमची आहे," वृषाली म्हणाली. "आणखी काही?"

आणखी होतं. भुकेनं पाय पसरले आणि बोटानं जमिनीवर रेघा ओढत सांगितलं. "थंय येकट्यान जेवचा लागता. आये भायर जाता आणि जिन्याखाली उभ्यान वडोपाव खाता. सगळी पोरां आपापल्या खाटेर, भिंतीकडे बघत. आमच्या घराक कोणी येकटो जेवणा नाय. बाबा माडावर आसले तर आमी थांबतो. येकट्यान घास उतरणा नाय, मॅडम. आणि रातचा जेवाण दिसाउजेडी येता. सूर्य वर आसताना रातचा कसा जेवचा?"

वृषालीनं सगळं ऐकून घेतलं. काय जमेल आणि काय जमणार नाही, हे तिनं मनाशी ताडून बघितलं.

"पाटीचं मी बघते," ती म्हणाली. "सोबतीचंही काहीतरी करते. पण रात्रीच्या जेवणाच्या वेळेचं मी वचन देत नाही. स्वयंपाकघराची वेळ बदलायची तर वरून मंजुरी यावी लागते आणि ती माझ्या हातात नाही."

भुकेनं जमिनीवरच्या रेघा तळव्यानं पुसल्या. मग उठली, हात धुतले, परकराला पुसले.

"खरा बोलतास," ती म्हणाली. "मगे येतंय."

दिगंबररावांनी पिशवीत उकडे तांदूळ भरले, कैरीच्या लोणच्याची बरणी बांधून दिली. साकवापर्यंत पोचवायला आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "दोघांय थंय गेली," ते म्हणाले. "आता घर खावक उठतला."

एसटीत कंडक्टरनं दोघींकडे पाहिलं.

"ही कोण?"

"भूक आहे. रुग्णाची. परत नेतेय."

कंडक्टरनं तिकिटाचं यंत्र काखेत मारून विचार केला. "मांडीवर घेतलात तर तिकीट नाय. शिटवर बसली तर अर्धा. तसो नियम नाय, पण माझ्या गाडीत मी तसा धरतंय."

भूक वृषालीच्या मांडीवर बसली. चांगली जड होती. वाटेतल्या थांब्यावर भजीची परात खिडकीशी आली, तेव्हा भुकेनं कांदाभज्यांकडे टक लावली. वृषाली हळूच म्हणाली, "तू इथं खाल्लंस तर तिच्या अंगी लागणार नाही."

"म्हायत आसा. मी फकत बघतंय."

रुग्णालयाच्या फाटकावर पहारेकऱ्यानं हात आडवा केला. भेटीची वेळ संपली होती, आणि एका रुग्णामागे एकच नातेवाईक असा नियम होता. सुगंधा आत होतीच.

"ही नातेवाईक नाही," वृषाली म्हणाली. "रुग्णाचीच आहे."

"मग दाखल करताना का नाही आणली?"

"घरी राहिली होती."

पहारेकऱ्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "असं सांगा की. विसरलेलं सामान." विसरलेल्या सामानाला वेळेचं बंधन नव्हतं. बादली, चादर, चष्मा, काहीही चाले. त्यानं फाटक उघडलं आणि भुकेला नीट सरळ जायला सांगितलं.

वॉर्डाच्या दारात मात्र भूक थबकली. एक पाऊल उंबऱ्याच्या आत, एक बाहेर.

कस्तुरीच्या खाटेला पाटी बांधलेली होती.

सिस्टर फर्नांडिस वॉर्ड सांभाळत. त्या लगबगीनं पुढे आल्या. "उद्या सकाळी घ्यायचं ठरलंय हिला," त्या म्हणाल्या. "म्हणून दुपारीच लावून ठेवली. मागाहून विसरायला नको."

वृषालीनं वळून बघितलं. भुकेनं आतलं पाऊल मागे घेतलं होतं आणि ती जिन्याच्या दिशेनं बघत होती. ही आता गेली तर परत येणार नाही, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. आत कस्तुरी डोळे मिटून पडली होती. तिचं मनगट चादरीवर होतं, आणि त्यातली बांगडी कोपरापर्यंत सरकली होती.

"इथंच थांब," वृषाली भुकेला म्हणाली. "सिस्टर, हिच्याशी बोलत राहा. जाऊ देऊ नका."

"काय बोलू?"

"माशांबद्दल बोला."

डॉक्टर इनामदार त्यांच्या खोलीत चहा घेत होते. वृषाली आत गेली आणि न बसताच म्हणाली, "सर, कस्तुरीची पाटी काढायला हवी."

"उद्या ऑपरेशन आहे."

"उद्या होईल?"

डॉक्टरांनी समोरचा कागद बघितला. "रक्त पुरेसं असेल तर."

"आहे?"

"नाही."

"मग पाटी कशासाठी?"

"झालंच तर असावी म्हणून."

"ती जेवली नाही तर रक्त वाढणार नाही."

"बरोबर."

"आणि रक्त वाढलं नाही तर ऑपरेशन होणार नाही."

"तेही बरोबर."

"आणि तिची भूक दारात उभी आहे. पाटी असेपर्यंत ती आत येणार नाही."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "आली?" ते म्हणाले. "मग आधी सांगायचं नाही का? मी तिची कधीपासून वाट बघतोय."

ते तडक वॉर्डात आले. दारात सिस्टर फर्नांडिस भुकेला सुंगटाच्या कालवणात कोकम कधी घालावं ते सांगत होत्या, आणि भुकेला ते पटत नव्हतं. डॉक्टर पाटी सोडू लागले. बँडेजच्या पट्टीनं बांधलेली गाठ घट्ट बसली होती, ती काही सुटेना. त्यांनी खिशातली कात्री काढून पट्टी कापली आणि पाटी काखेत धरली.

"ये आत," ते भुकेला म्हणाले.

"परत लावशात?" भूक जागची हलली नाही.

"लावीन. रक्त वाढलं की ऑपरेशन ठरवीन आणि त्या दिवशी सकाळी लावीन. तिचा नंबर पहिला असेल. आणि नंतर मी स्वतः येऊन काढीन. तोवर ही माझ्या कपाटात राहील."

भुकेनं डॉक्टरांना आपादमस्तक न्याहाळलं. मग ती आत आली, पायाला लटकवलेल्या वजनाला धक्का लागू न देता खाटेवर चढली आणि कस्तुरीच्या उशाशी बसली.

कस्तुरीनं डोळे उघडले. "खंय होतंस गो?"

"वाटेत," भूक म्हणाली. बाकीचं तिनं काही काढलं नाही.

 मग कस्तुरीनं आईकडे मान वळवली. "आये, माका भूक लागली."

सुगंधानं खिडकीकडे तोंड फिरवलं आणि पदर नीट करायला बराच वेळ घेतला.

आता अडचण अशी की दुपारचं जेवण होऊन गेलं होतं आणि रात्रीचं यायचं होतं. वृषाली तांदळाची पिशवी घेऊन खाली स्वयंपाकघरात धावली. तिथले आचारी बाबलकाका हिशेबी माणूस. त्यांनी पिशवीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं.

"अवेळी जेवण फकत नवीन दाखल झाल्याक मिळता," ते म्हणाले. "घाड्यांची पोर जुनी आसा."

"पोर जुनी आहे. भूक आत्ताच दाखल झाली."

बाबलकाकांना हे ताबडतोब पटलं. त्यांनी चूल पेटवली.

पेज वर आली तेव्हा तिची वाफ वॉर्डभर पसरली. कस्तुरीनं पहिला घास घेतला, थांबली, आणि दुसरा घेतला. भूक शेजारी बसून नुसती बघत होती, आणि कस्तुरी जसजशी खात गेली तसतशी ती सैलावत गेली. शेजारच्या खाटेवरच्या मुलानं सवयीनं हात पुढे केला होता. तो त्यानं हळूहळू मागे घेतला.

पुढचा प्रश्न अधीक्षकांपर्यंत गेला. भूक दाखल आहे, तर तिला ताट द्यायचं की नाही? अधीक्षक निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसला.

"खाटेवर आहे?"

"आहे, साहेब," वृषाली म्हणाली.

"रोज असते?"

"रोज."

"मग ताट आहे. खाटेवरच्याला ताट, हा नियम मी बदलू शकत नाही. पण ती जेवते का?"

"ती कस्तुरीच्या तोंडानंच जेवते. तिचं ताट शिल्लक राहतं."

"शिल्लक अन्न टाकायचं नाही, हाही नियम आहे," अधीक्षक म्हणाले. "ते कुणीतरी तिथंच बसून संपवावं."

तेव्हापासून सुगंधा लेकीच्या शेजारी बसून भुकेचं ताट जेवू लागली. दुसऱ्या आयांनी हे बघितलं आणि आपापल्या मुलांच्या भुकांची रीतसर नोंद करून घेतली. कुणीतरी खाटा जवळ ओढल्या. मधल्या मोकळ्या जागेत चटई पडली. ज्यांना उठता येई ती मुलं खाली बसत, ज्यांना येत नसे त्यांच्या खाटेला टेकून बाकीचे बसत. भाजी कुणाची तिखट, कुणाची अळणी यावर वाद होत. कैरीचं लोणचं सगळ्यांत फिरे. रात्रीचं जेवण अजूनही दिवसाउजेडीच येत होतं, पण सिस्टर फर्नांडिस त्या वेळी पडदे ओढून दिवे लावू लागल्या, आणि भुकेनं यावर तडजोड मान्य केली. हात मोडलेल्या मुलाच्या आईनं तेवढी तक्रार केली की आमच्या बाळूचं जेवण अर्ध्यावर आलंय. वृषालीनं त्याला एक अंडं वाढवून दिलं.

कस्तुरीची बांगडी पुन्हा मनगटाशी थांबू लागली. रक्ताचा अहवाल आला तो डॉक्टरांनी दोनदा वाचला आणि कपाटातून पाटी काढली.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी पाटी स्वतः बांधली, या वेळी सुटेल अशा गाठीनं. नंबर पहिलाच होता. कस्तुरीला ढकलगाडीवर घेतलं, तशी भूक आपण होऊन खाली उतरली. आत तिला जाता येणार नव्हतं. ती बाहेरच्या बाकावर सुगंधा आणि वृषालीच्या मध्ये बसली.

"तिका दुखतला?" तिनं विचारलं.

"नाही. तिला झोपवलंय."

"मगे मी पण निजतंय," भूक म्हणाली आणि वृषालीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली. एसटीत होती तेवढी ती आता जड नव्हती. वृषालीनं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि आपला हात तिथंच राहू दिला. सुगंधा दाराकडे बघत होती. 

दार उघडलं तेव्हा डॉक्टर इनामदारांनी तोंडावरचा कपडा खाली ओढला. "हाड सरळ बसलं," ते म्हणाले. "चालेल ती. नीट चालेल." मग ते कुणी आठवण करून द्यायच्या आत वॉर्डात गेले आणि पाटी सोडून घेऊन आले.

भूल उतरेपर्यंत भुकेनं घाई केली नाही. सायंकाळी कस्तुरी नीट जागी झाली, पाण्याचे दोन घोट तिच्या पोटात राहिले, तेव्हा भूक उठली, आळस दिला आणि आत गेली.

कस्तुरी घरी गेली त्या दिवशी दिगंबरराव नारळांचं एक पोतं घेऊन आले आणि ते सगळ्यांत वाटलं. कस्तुरी कुबड्या घेऊन हळूहळू चालत होती, आणि भूक तिच्या बरोबरीनं, तिच्याच गतीनं. फाटकाशी पोचल्यावर दोघींचं वडापाव की भजी यावर काहीतरी बिनसलं. शेवटी दिगंबररावांनी दोन्ही घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डाच्या दारात एक अनोळखी भूक येऊन उभी राहिली. जेमतेम पाच वर्षांच्या मुलाची असावी; पायात चप्पल नव्हती आणि सदऱ्याची बटणं चुकीच्या काजांत लावली होती. मुलगा अजून यायचा होता. त्याला गावातल्या डॉक्टरांनी इकडे पाठवलं होतं, पण त्याच्या वडिलांना गाडी मिळत नव्हती. भूक पुढे निघून आली होती.

सिस्टर फर्नांडिसनी कस्तुरीची रिकामी खाट झटकली, धुतलेली चादर घातली आणि भुकेला उचलून वर बसवलं. वृषालीनं विचारलं, "काही खाणार का?"

"तो येवंदे," भूक म्हणाली, आणि दाराकडे तोंड करून बसली.